सोन्याचा मुलामा आणि एक धुराडं

मी बडोद्यात फर्निचर बनवतो. आज एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसबद्दल बोलायचंय, पण सुरुवात माझ्या कारखान्यातून करतो.

आमचे पॉलिशवाले काका मागच्या खोलीत दारं-खिडक्या लावून स्प्रे मारायचे. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून. नियम माझाच. एकदा म्हणाले, "शेठ, रात्री छाती भरून येते." मी म्हणालो, "मास्क लावा, काका." आणि विसरलो.

त्याच सुमारास मी जुन्या फ्रेंच फर्निचरबद्दल वाचत होतो. महोगनीची टेबलं, जडावकामाची कपाटं, कोपऱ्यांवर ब्रॉन्झची पानंफुलं आणि त्यांवर सोन्याचा मुलामा. तो चढायचा कसा? सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा, ब्रॉन्झवर फासायचा, निखाऱ्यांवर तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं राहतं. ती वाफ कारागिराच्या छातीत जायची. हात थरथरायला लागायचे, दात पडायचे.

पॅरिसमध्ये आंत्वान-आंद्रे राव्ह्रियो हे ब्रॉन्झकामातलं मोठं नाव. १८१४ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी ३,००० फ्रँक ठेवले होते, मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय जो शोधेल त्याच्यासाठी. १८१८ मध्ये ते बक्षीस रसायनतज्ज्ञ दार्से यांना मिळालं. त्यांचा उपाय म्हणजे नीट बांधलेलं धुराडं. धुराड्याला जोडून वेगळा विस्तव पेटता ठेवायचा. तापलेली हवा वर चढते आणि पाऱ्याची वाफ सोबत ओढून नेते.

१८४० नंतर विजेने मुलामा देण्याची पद्धत आली. त्यात निखाऱ्यावर पारा उडवावा लागत नव्हता. तरीही बर्दले यांच्यासारखे नामवंत कारखानदार उंची कामाला पाऱ्याचाच मुलामा देत राहिले. गिऱ्हाइकाला ती चमक हवी होती.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. राव्ह्रियोंनी आपल्या कमाईतला हिस्सा त्या वाफेसाठी काढून ठेवला होता. मी एक मास्क सांगून मोकळा झालो होतो.

पुढच्याच आठवड्यात मागची भिंत फोडून मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला, समोरून हवा गाळून आत येईल अशी सोय केली. अजूनही थोडी धूळ बसते. मग घासून पुन्हा एक हात मारावा लागतो. ती मजुरी मी बिलात धरतो आणि विचारलं तर कारणही सांगतो.

काकांची छाती पूर्ण बरी झालेली नाही. तुमच्या घरी पॉलिशचं काम निघालं, तर आधी खिडकी उघडी आहे ना, तेवढं बघा.