प्रवासी नौका : तपासणी व सुटकेचे मार्ग

सुखना तलावावरील नौकाविहार आपणा चंडीगढकरांच्या परिचयाचा. तेथे किनारा सतत दिसतो. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोटही किनाऱ्यापासून फार दूर नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी लाटांच्या तडाख्याने ती कलली, भयभीत प्रवासी एकाच बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईस वार्ताही उशिरा पोहोचली.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक नौकांना सर्वेक्षण प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तथापि ते तपासणीच्या दिवसाचीच स्थिती सांगते. दारापाशी रचलेले सामान, कुलूपबंद जीवरक्षक जाकिटे, क्षमतेबाहेरची गर्दी हे दोष नंतर उद्भवतात. ते प्रत्येक फेरीपूर्वीच पाहावे लागतात. नौका कलल्यास कोणी कोठून बाहेर पडावे, हेही माझ्या मते धक्का सोडण्यापूर्वीच प्रवाशांना सांगितले पाहिजे.