नेझा: आई-बापाचा हिशेब चुकता करणारा पोरगा

आज एका चिनी सिनेमाबद्दल बोलू. 'नेझा २' हा २०२५ च्या चिनी नववर्षाला आला आणि २ अब्ज डॉलरच्या वर कमावणारा जगातला पहिला अ‍ॅनिमेशनपट ठरला. पण मला बोलायचंय २०१९ च्या पहिल्या भागाबद्दल. स्पॉयलर येणार आहेत, त्यामुळे बघायचा असेल तर इथेच पॉज करा.

आधी मूळ गोष्ट. मिंग काळातली 'फंगशन यानयी' नावाची कादंबरी आहे. त्यात नेझा हा सेनापती ली जिंगचा सात वर्षांचा मुलगा. भांडणात तो ड्रॅगनराजाच्या मुलाला, आओ बिंगला, मारून टाकतो. आता शिक्षा आई-बापाला होणार. मग हा काय करतो? स्वतःचं मांस आणि हाडं काढून आई-बापाला परत देतो. तुमचं तुम्हाला, हिशेब संपला! आई त्याचं देऊळ बांधते, बाप ते जाळतो. गुरू त्याला कमळापासून नवं शरीर देतो, आणि पोरगा थेट बापालाच मारायला निघतो. आई-बापाची सेवा हा जिथे सगळ्यात मोठा धर्म, तिथली ही गोष्ट आहे बरं का.

गंमत म्हणजे हा नेझा मूळचा आपल्याकडचा. अभ्यासक सांगतात की बौद्ध ग्रंथांबरोबर कुबेराचा मुलगा नलकूबर चीनला गेला आणि त्याच्याच नावाचा पुढे नेझा झाला. बाळकृष्णाने उखळ ओढत नेऊन दोन झाडं पाडली ना? त्यातून शापमुक्त झालेल्या दोघांपैकी एक म्हणजे हा नलकूबर.

सिनेमात दिग्दर्शक जियाओझीने बापच बदललाय. हा गडी फार्मसी शिकलेला, अ‍ॅनिमेशन स्वतःच्या बळावर शिकला. त्याचा नेझा राक्षसी मणी घेऊन जन्मतो आणि तीन वर्षांनी वीज पडून मरणार हे ठरलेलं असतं. गाव त्याला घाबरतं. बाप मात्र गुपचूप एक ताईत मिळवतो, म्हणजे वीज मुलाऐवजी आपल्यावर पडावी. नेझाला हे कळतं, तेव्हा तो बापाला मरू देत नाही. आणि आओ बिंग? तो इथे त्याचा एकुलता एक मित्र आहे.

मी रडलो, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं, असा बाप दिला की प्रश्न सोपा होतो. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य घरोघरी आहे. जिथे बाप ताईत आणत नाही, देऊळच जाळतो, तिथे पोरांनी काय करायचं? जुनी कादंबरी हा प्रश्न उघडा ठेवते. सिनेमा त्यावर मायेचं पांघरूण घालतो.

तरी बघाच. आणि जमलं तर बाबांना शेजारी बसवून बघा. ते कोणत्या सीनला गप्प होतात, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!