रोड अंगातील मेद



बारशाला जमलेल्या बायका बाळाच्या मांडीच्या वळ्या पाहून सुखावतात. त्या वळ्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. चिंपांझीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर चरबी नाममात्र असते. माणसाचे मूल मात्र आपल्या वजनाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतकी चरबी घेऊनच येते. ही कोठी कशासाठी? मुख्यतः मेंदूसाठी, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रौढाचा मेंदू वजनाने देहाच्या अवघा २ टक्के. पण स्वस्थ पडलेल्या देहाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. तान्ह्या मुलात तर निम्म्याहून अधिक! दुखण्यात दूध तुटले तरी ती चूल विझता कामा नये.

स्नायूंत मात्र आपण काटकसर केली. चिंपांझी आपल्या सुमारे दीडपट जोर लावतो. आपले स्नायू संथ, पण दमाचे, दिवसभर चालणाऱ्याचे.

आता पुण्याकडे येऊ. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांची मापे घेतली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमटीत धरलेली कातडी त्या मानाने फारशी पातळ नव्हती! म्हणजे पोटात असताना ओढगस्त आली, तेव्हा बाळाने स्नायू सोडले आणि मेद राखला. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारा मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तोच कमी पडला, की पुढे पोटभर अन्न मिळू लागताच मधुमेहाला वाट मोकळी होते. ‘मी तर काटकुळा, मला कुठला मधुमेह?’ असे म्हणणारे गृहस्थ या सभेतही असतील.

त्यांच्यासाठी एक छायाचित्र सांगतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातील चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपलाच देह असा चव्हाट्यावर मांडणारे संशोधक विरळाच.

त्या सहा खेड्यांतील अनेक आया गरोदरपणीही शेतात राबत, पाणी वाहत. फार कष्ट पडलेल्यांची बाळे लहान भरली. आणि हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या पोटात वरचेवर गेले, त्यांची बाळे अधिक मोठी भरली.