आईच्या दुधाची शीतसाखळी

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात सहज प्रश्न आला असेल की, बाळाला दूध पाजणे ही घरातील गोष्ट; तिचा ग्रामपंचायतीशी किंवा कचेरीशी संबंध काय? हा संबंध किती निकटचा आहे, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, पाणीदेखील देऊ नये, आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे व पुढेही स्तनपान चालू ठेवावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा व आपल्या शासनाचा सल्ला आता गावोगाव पोहोचला आहे. परंतु हा सल्ला पाळणारी आई पुष्कळदा घराबाहेर काम करणारी स्त्री असते. राज्य शासनाच्या सेवेतील महिलेस १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने आस्थापनांमधील महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली, आणि ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. तथापि, रजेचा काही भाग प्रसूतीपूर्वीच खर्च झाला, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचेच असते. शेतमजूर, ऊसतोडणी कामगार वा वीटभट्टीवर राबणारी स्त्री यांची स्थिती याहून कठीण. सव्वा महिना संपला की रोजगारासाठी त्यांना बाहेर पडावेच लागते.

आई कामावर गेल्यानंतर त्या आठ-दहा तासांत बाळाच्या पोटात काय जाते? कोठे पाणी घातलेले गाई-म्हशीचे दूध, कोठे भुकटीचे दूध, कोठे साखरपाणी. त्यातून जुलाब होतात, वजन घटते, आणि आईचे दूधही हळूहळू आटते. यावर एक सोपा, बिनखर्चाचा मार्ग आहे. आईने स्वतःचे दूध स्वच्छ हाताने काढून ठेवावे व घरातील माणसाने ते बाळाला पाजावे. मात्र हे दूध सुरक्षित राहण्यासाठी काही नियम काटेकोरपणे पाळावे लागतात.

उकळण्याची सवय

आपल्या घरी दूध आले की ते प्रथम उकळावयाचे, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. गाई-म्हशीच्या दुधाबाबत ती योग्यच होय. ते दूध गोठ्यातून, बादलीतून, अनेकांच्या हातांतून येते. त्यामुळे आजीबाई काढून ठेवलेले आईचे दूधही प्रेमापोटी उकळावयास घेतात. नेमके हेच टाळले पाहिजे. आईच्या दुधात बाळाचे रोगांपासून रक्षण करणारी प्रतिकारद्रव्ये, पाचक द्रव्ये आणि जिवंत पेशी असतात. उकळल्याने त्यांचा फार मोठा भाग नष्ट होतो. याच द्रव्यांमुळे ताजे काढलेले आईचे दूध काही तास जंतूंना आवर घालते.

म्हणून एक सूत्र ध्यानात ठेवावे : गाईचे दूध आपण उष्णतेने राखतो, आईचे दूध स्वच्छतेने, थंडाव्याने आणि वेळेच्या मर्यादेने राखावयाचे. लसीकरणाच्या निमित्ताने शीतसाखळी हा शब्द आपणां सर्वांना परिचित आहे. लस तयार होते तेथपासून बाळाच्या दंडापर्यंत थंडावा तुटता कामा नये, हे आपण जाणतो. आईच्या दुधालाही तशीच लहानशी शीतसाखळी हवी.

दूध काढणे

प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत. झाकणाचे स्टीलचे वा काचेचे भांडे घासून, पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्यावे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या वापरू नयेत. अंगठा व तर्जनी स्तनाग्राभोवतालच्या गडद वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे व मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. बोटे त्वचेवरून घासू नयेत. आरंभी थेंब येतात. पान्हा फुटला की धार लागते. कामाच्या जागी साधारण तीन तासांनी दूध काढले, तर स्तन जड होऊन गाठी धरत नाहीत आणि दूधही आटत नाही. दूध घरी नेणे शक्य नसले तरी ते काढणे सोडू नये.

किती वेळ टिकते?

या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे ऐकावयास मिळतात. कोणी चार तास सांगतो, कोणी सहा, कोणी आठ. या फरकाचे मुख्य कारण म्हणजे तापमान. चार तासांची मर्यादा सुमारे २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीसाठी आहे. चंद्रपूर, नागपूर वा जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे चार तासांचा भरवसाही धरता येत नाही. अशा दिवसांत दूध ताबडतोब थंड जागी ठेवावे, अन्यथा काढल्यानंतर लवकरात लवकर पाजावे. आठ तासांच्या आकड्यावर तर उन्हाळ्यात मुळीच विसंबू नये.

फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, ताजे दूध चार दिवसांपर्यंत ठेवता येते. परंतु आपल्या घरातील फ्रिज दिवसातून अनेकदा उघडला जातो आणि वीजही जाते. म्हणून २४ तासांत ते वापरून टाकणे अधिक सुरक्षित. भांडे दारातील कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूस, मागे ठेवावे. दारातील थंडावा प्रत्येक उघडझापीत कमी होतो. प्रत्येक भांड्यावर तारीख व वेळ लिहावी आणि आधी काढलेले दूध आधी वापरावे. नुकतेच काढलेले कोमट दूध थंड दुधात थेट ओतू नये; ते प्रथम वेगळे थंड करून मगच मिसळावे.

गोठवणे आणि वितळवणे

स्वतंत्र दाराच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंश वा त्याखालील तापमानात दूध सहा महिन्यांपर्यंत चांगले राहते. एकाच दाराच्या साध्या फ्रिजमध्ये वरती जो बर्फाचा कप्पा असतो, तो इतका थंड राहत नाही. त्यात गोठवलेले दूध दोन आठवड्यांच्या आत संपवावे. एका वेळेस बाळ जेवढे पिते तेवढेच, म्हणजे ६० ते १२० मिलिलिटर, एका भांड्यात घालावे. त्यामुळे वाया जात नाही. भांडे काठोकाठ भरू नये. गोठताना दूध प्रसरण पावते व काच तडकते.

वितळवण्याची उत्तम रीत म्हणजे गोठलेले भांडे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवणे. घाई असेल तर बंद भांडे कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावे, अथवा त्यावर नळाचे पाणी सोडावे. पाणी झाकणाच्या खालीच राहील, ही दक्षता घ्यावी. गॅसवर तापवू नये, उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर कदापि ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये दूध सर्वत्र सारखे तापत नाही. वरून कोमट लागणाऱ्या दुधात मध्येच कढत भाग राहतो आणि बाळाचे तोंड भाजते.

फ्रिजमध्ये पूर्ण वितळलेले दूध २४ तासांत वापरावे. हे २४ तास दूध फ्रीजरमधून बाहेर काढल्यापासून नव्हे, तर पूर्ण वितळल्यापासून मोजावयाचे. ते बाहेर काढल्यावर किंवा कोमट केल्यावर एक ते दोन तासांत पाजावे. एकदा पूर्ण वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये. बाळाने पिऊन उरलेले दूध दोन तासांनंतर ओतून द्यावे, कारण त्यात बाळाच्या तोंडातील जंतू मिसळलेले असतात.

ठेवलेल्या दुधावर साय धरल्यासारखा थर येतो. ते नासल्याचे लक्षण नव्हे. स्निग्धांश वर येतो इतकेच. भांडे हळुवार गोल फिरवले की तो मिसळतो. काही मातांच्या दुधाला साठवणीनंतर साबणासारखा वास येतो, तोही धोक्याचा नसतो. आंबट, कुजट वास मात्र आला तर दूध टाकून द्यावे. दूध गरम करूनच द्यावे असेही नाही. बाळ घेत असेल तर खोलीच्या तापमानाचे दूधही चालते. कोमट केले असल्यास दोन थेंब मनगटावर टाकून पाहावेत.

वीज गेली, फ्रिज नसला तर

वीज गेली की फ्रिज उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा टिकवतो. आपल्या गैरहजेरीत वीज किती वेळ गेली होती, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे व वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्यावी. घरी परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सर्व वितळून पुन्हा गोठले असे समजावे व ते दूध वापरू नये. नाणे वरच असेल तर काळजीचे कारण नाही.

फ्रिज नसलेल्या घरी बंद भांडे पाण्याच्या परातीत ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळावे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने येथेही थंडावा येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय बरा चालतो. कोकणच्या दमट हवेत फारसा नाही. तो कडक उन्हाळ्यात चार तासांची मर्यादा गाठण्यास साहाय्य करतो, फ्रिजची जागा घेत नाही. कामावरून दूध घरी आणण्यास रुंद तोंडाचा थर्मास व बर्फ उपयोगी पडतो. मात्र बाजारातील बर्फ स्वच्छ असेलच असे नाही. म्हणून झाकण घट्ट असावे आणि उघडण्यापूर्वी भांडे बाहेरून धुऊन पुसावे.

येथे एक सूचना आवर्जून करतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लस साठवण्याचे शीतयंत्र या कामासाठी कोणीही मागू नये व कोणी देऊ नये. त्यात लसीखेरीज अन्य वस्तू ठेवावयाच्या नाहीत, हा नियम बाळांच्याच हिताचा आहे.

काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे. बोंडले वापरावयाचे तर त्याची चोच आतून नीट घासून उकळली पाहिजे. बाटली व बूच टाळावे. त्यांच्या खाचांत जंतू राहतात आणि बाळ अंगावर पिणे सोडण्याचाही संभव असतो.

दूधपेढीचे दूध

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदूधपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली. या पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवले जाते. मग घरी का तापवू नये, असे कोणी विचारील. पेढीतील दूध अन्य मातांनी दान केलेले असते आणि ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांना दिले जाते. म्हणून मातांची रक्ततपासणी आणि दुधाचे मोजून केलेले निर्जंतुकीकरण अनिवार्य ठरते. त्यात काही गुण कमी होतात. तरी त्या बाळाची आई दूध देऊ शकत नसताना तोच उत्तम पर्याय होय. स्वतःच्या आईचे दूध निरोगी बाळाला देताना त्याची आवश्यकता नाही. याच कारणाने शेजारणीचे दूध तपासणीवाचून देणे योग्य नव्हे. बाळ कमी वजनाचे किंवा आजारी असेल, तर मी सांगितलेल्या वेळांवर न थांबता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा बाळांसाठी नियम अधिक कडक असतात.

आपले कर्तव्य

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. रायगडाचा कडा उतरून आपल्या तान्ह्याकडे धाव घेणाऱ्या हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो. बसस्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांनाही आपण हिरकणी कक्ष हे नाव दिले. पण प्रत्येक आईने रोज कडा उतरावा, अशी अपेक्षा समाजाने का करावी? तिची वाट सुकर करणे आपल्या हाती आहे. २०११ पासून आपल्या पंचायतराज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे ज्या मातेविषयी आपण बोलत आहोत, ती उद्या आपल्याच सभेत आपल्या शेजारी बसलेली असेल.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत वा पंचायत समितीत कडी लागणारी एक स्वच्छ खोली, एक खुर्ची, हात धुण्यास पाणी व साबण, आणि शक्य तेथे एक छोटा फ्रिज एवढे पुरे. शौचालयाचा कोपरा यासाठी देऊ नये. जेथे आपण जेवणाचा डबा उघडणार नाही, तेथे बाळाचे अन्न काढावयास सांगणे उचित नाही. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशी कायद्याची तरतूद आहे. आपल्या क्षेत्रातील कारखान्यांत ती अमलात येते की नाही, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. मुख्याध्यापकांनी शिक्षिकेच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीखेरीज वीस मिनिटांची एक मोकळीक ठेवावी. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी गृहभेटीत केवळ आईला नव्हे, तर मागे बाळ सांभाळणाऱ्या आजीला आणि वडिलांनाही हे नियम समजावून द्यावेत. कारण दूध आई काढते, पण ते वितळवून पाजणारे हात त्यांचे असतात.

हे सर्व नियम एखाद्या फलकावर मावतील एवढेच आहेत : हात धुवा, भांडे उकळा, वेळ लिहा, थंड ठेवा, कोमट पाण्यात वितळवा, दूध उकळू नका, उष्टे उरलेले राखू नका. आपण आपापल्या गावी परतल्यावर हा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि त्या शेजारी आईसाठी एक दार उघडून द्यावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.