पहिला कॅमेरा घेताना



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहीजण म्हणतील, "अहो, खिशात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, मग वेगळा घ्यायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मनाशी ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असेच मी म्हणेन. उन्हातली प्रभातफेरी, फळ्यावरचे गणित, बांधावरचे पीक, एखादा जुना कागद, यांना मोबाइल पुरतो. नवे मोबाइल अंधारातही अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतात. देवळातली मूर्ती स्थिर असते, तिला ते चालते. पण टाळ वाजवणारा हात स्थिर नसतो. सायंकाळी कबड्डी खेळणारी मुले थांबत नाहीत. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा बगळा जवळ येत नाही. अशा ठिकाणी मोबाइल अडतो. यांतले काही तुम्हाला टिपायचे असेल, तर पुढचे बोलणे तुमच्यासाठी आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पहिला कॅमेरा घेतला. दुकानात मला दोन आकडे ऐकवले गेले, वीस मेगापिक्सेल आणि चाळीस पट झूम. आणि मी त्या आकड्यांना भुललो. कार्तिकात गावी गेलो. माझे थोरले चुलते काकडआरतीला पखवाज वाजवीत. पहाटेची वेळ, देवळात एकच पिवळा दिवा. मी साठ-सत्तर फोटो काढले. घरी येऊन पाहतो, तर काहींत हात म्हणजे नुसता धूर, आणि उरलेल्यांत चेहऱ्यावर वाळू फासल्यासारखे दाणे. म्हटले, पुढच्या वर्षी नीट काढू. पुढच्या वर्षी काकांचे हात चालेनासे झाले होते. पैसे पुन्हा मिळवता येतात हो. पण ती पहाट कुठून आणायची? त्या दिवसापासून मी हा विषय मुळापासून समजून घेऊ लागलो.

मेगापिक्सेल म्हणजे काय? चित्रातले दहा लाख ठिपके. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे १० हजार ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हा ठिपके वाढवणे ही खरी प्रगती होती. आज ती शर्यत तुमच्या-आमच्यापुरती संपली आहे. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाई करायची तरी सुमारे ८७ लाख ठिपके लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. तेव्हा सोळा की चोवीस, या वादात पडू नका.

खरे महत्त्व आहे ते प्रकाश झेलणाऱ्या पट्टीला. तिला सेन्सर म्हणतात. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि शेजारी परात ठेवा. पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. माझ्या त्या पहिल्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे वाटी. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. तो सुमारे २३ बाय १५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाने बारा-तेरा पट मोठा. लहान सेन्सरवर ठिपके वाढवणे म्हणजे तेवढ्याच शेतात वाफे वाढवणे. वाफे वाढले म्हणून शेत वाढत नाही.

दुसरी गोष्ट लेन्सची. लेन्सवर एफ या अक्षराबरोबर एक आकडा असतो. तो जितका लहान, तितकी प्रकाशाची खिडकी मोठी. कॅमेऱ्याबरोबर जी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स येते, तिची खिडकी झूम पूर्ण केल्यावर सहसा एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे एका लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तिथे दुसरीचे काम शंभराव्या भागात होते. भजनातला माणूस धूसर येतो की स्पष्ट, ते या फरकावर ठरते. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स झूम होत नाही. पुढे-मागे आपणच सरकायचे. खोली लहान असेल तर ३५ ची बरी, कारण ५० ला मागे सरता सरता पाठ भिंतीला लागते. पक्ष्यांचाच छंद असेल, तर मात्र २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स लागेल. ती दिवसाच्या उजेडात चांगले काम देते. दोन्ही एकदम घेण्याचा मोह टाळा.

आता पैशाचे. जवळ असतील त्या रकमेचे दहा वाटे करा. पाच कॅमेऱ्याला, तीन लेन्सला, आणि दोन मेमरी कार्ड, जादा बॅटरी व पिशवीला. कॅमेरा नवाच हवा असे नाही. अलीकडे नवे कॅमेरे बहुतेक मिररलेस पद्धतीचे निघतात, आणि हौशी मंडळी आपले आरसावाले डीएसएलआर विकायला काढतात. त्यात आपला फायदा आहे. २०१३ सालचा निकॉन डी-५३०० किंवा २०१७ सालचा कॅनन २००-डी आजही उत्तम चित्र देतो. दोन्हींत एपीएस-सी सेन्सर आणि २४ मेगापिक्सेल आहेत. ते थोडे जड आहेत इतकेच.

मात्र बैल घेताना दात पाहतात, तसा जुना कॅमेरा पारखून घ्यावा. समोरासमोर व्यवहार करा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याखालच्या क्रमांकाशी ताडून पाहा. शटर किती वेळा उघडले ते विचारा. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले असते, आणि निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स घेऊ नका. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आणखी एक सावधगिरी. निकॉनच्या डी-३००० व डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स त्यांवर आपोआप फोकस करीत नाही. लेन्सवर एएफ-एस अशी अक्षरे असली तर ती चालते.

कोकणातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको, पण पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावा, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

शेवटी एक विनंती. कॅमेरा आणल्यावर पहिला महिनाभर घरातच, संध्याकाळच्या उजेडात, माणसांचे फोटो काढा. कोणता आकडा फिरवला की काय होते, हे हाताला कळले पाहिजे. ज्या शिक्षकांकडे कॅमेरा येईल, त्यांनी मुलांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे घेऊन जावे: कुंभाराच्या चाकापाशी, भजनी मंडळात, माजघरात. फोटो काढावा, आणि नाव, गाव, तारीख वहीत लिहून ठेवावी. माझ्याजवळ आता चांगली लेन्स आहे. काकांचा पखवाज खुंटीला टांगलेला आहे. त्याचा फोटो मात्र फार स्पष्ट आला आहे.