पोचपावतीची वाट किती पाहावी?



विषय बिनतारी संदेशाचा आणि वक्ता मात्र कामगार संघटनेतला, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. परंतु माझे उभे आयुष्य मागण्यांची पत्रे धाडण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात गेले, आणि आजचा प्रश्नही वाट पाहण्याचाच आहे.

ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात ते हौशी रेडिओवाले सरकारी परवाना घेऊन, पदरचा पैसा घालून आपला छंद चालवतात. अमेरिकेतल्या अशा मंडळींनी बाजारात मिळणारी वाय-फायची यंत्रे घेतली, त्यांतली आज्ञावली बदलली, आणि ती टेकड्यांवर व गच्च्यांवर बसवून स्वतःचे जाळे विणले. त्याला ए.आर.ई.डी.एन. असे नाव आहे. त्यातले प्रत्येक केंद्र शेजारच्या केंद्राचा निरोप पुढे सरकवते. एक बंद पडले तर निरोप दुसरी वाट शोधतो. टेलिफोन आणि इंटरनेट कोलमडले तरी मदत-पथकांचा व इस्पितळांचा संपर्क तुटू नये, हा त्यामागचा हेतू.

आता खुबी पाहा. वाय-फायचे पहिले प्रमाण-नियम १९९७ साली ठरले, ते घर आणि कचेरी डोळ्यांपुढे ठेवून. निरोपाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, मिळाले की घेणाऱ्याने ताबडतोब पोच द्यायची. पूर्वी रजिस्टर पत्राला पोचपावतीचे कार्ड जोडलेले असे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की पाठवणारा येथे दिवस मोजत नाही, मायक्रोसेकंद मोजतो. ठरल्या वेळात पोच आली नाही तर निरोप हरवला असे धरून तो तोच निरोप पुन्हा पाठवतो.

रेडिओची लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर धावते. घरात हा प्रवास नगण्य. परंतु समोरचे केंद्र १० किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यालाच सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. घराच्या मापाने वाट पाहणारे यंत्र तोवर कंटाळलेले असते. निरोप पोचलेला, पोचही वाटेवर, आणि पाठवणारा तेच पुन्हा ओरडतो आहे! काही वेळा असे झाले की तो बोलण्याचा वेग उतरवतो, आणि शेवटी नाद सोडतो. माणसे मग म्हणतात, ‘पलीकडचा आवाज तर खणखणीत येतो, मग काम का होत नाही?’ कोणी मोठा अँटेना चढवतो, कोणी शक्ती वाढवतो. त्याने काय होणार? दूरचा मुका नसतो; आपण ऐकणे लवकर थांबवलेले असते.

यासाठीच या यंत्रांत अंतराचा आकडा भरण्याची सोय असते. आपला सर्वांत दूरचा शेजारी किती अंतरावर आहे ते सांगा, यंत्र तेवढी वाट पाहील. आकडा दोन्ही टोकांना नीट हवा, कारण दोघेही बोलतात आणि दोघेही पोच देतात.

याचा पराकोटीचा दाखला व्हेनेझुएलातला आहे. एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली डोंगरावरून २७९ किलोमीटरचा दुवा साधला, तो पोचेची मुदत व तत्सम वेळा बदलून. २००७ साली त्यांनी ३८२ किलोमीटर गाठले. त्या वेळी बर्कले विद्यापीठातील मंडळींची आज्ञावली वापरली होती. तिने प्रत्येक पॅकेटमागे पोच मागणेच सोडून दोन्ही बाजूंच्या पाळ्या लावून दिल्या. हीच विद्या तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यातील रोगी दूरवरच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी वापरली.

मग कोणी म्हणेल, भरा मोठा आकडा आणि व्हा निश्चिंत! तसे नाही. बोलण्यापूर्वी प्रत्येक केंद्र काही क्षण थांबते, म्हणजे दोघे एकदम बोलत नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात या थांबण्याचे माप ९ मायक्रोसेकंद असते. अंतराचा आकडा वाढवला की सर्वसाधारण यंत्रांत हे मापही ताणले जाते. एका टेकडीवरच्या केंद्राचे चार शेजारी दोन-तीन किलोमीटरवर आहेत आणि पाचवा ४० किलोमीटरवर, असे समजा. पाचव्यासाठी माप सुमारे २७० मायक्रोसेकंदांनी वाढते. ९ चे झाले सुमारे एकतीसपट. हरवलेल्या प्रत्येक निरोपामागे ताटकळणेही वाढते. यंत्राने स्वतः अंतर ताडावे अशीही सोय निघाली आहे. पण तीही सर्वांत दूरच्याला सांभाळते, म्हणून हा पेच तिने सुटत नाही.

येथे दोन सोपे मार्ग दिसतात. पाचव्याला सोडून द्या, किंवा सर्वांना रखडत ठेवा. दोन्ही मला मान्य नाहीत. दरड कोसळली, पूर आला, तर मदतीची हाक बहुधा त्या पाचव्याकडूनच येणार. आणि जवळच्या चौघांचे काम अडले तर ती हाक पुढे नेणार कोण? जाणती मंडळी तिसरा मार्ग घेतात. दूरच्यासाठी वेगळे यंत्र, त्याच्याकडे रोखलेला वेगळा अँटेना आणि वेगळी फ्रिक्वेन्सी. जवळच्यांचे जाळे त्यांच्या मापाने चालते. खर्च थोडा वाढतो, न्याय मात्र दोघांनाही मिळतो.

आणि हे सारे संकट येण्यापूर्वी करावे लागते. नकाशावर अंतर मोजा, दोन्ही टोकांना माणूस उभा करा, आकडा भरा, खरोखर किती माहिती जाते ते तपासा, आणि नवा शेजारी आला की पुन्हा पाहा. पुराच्या रात्री टेकडीवर चढून आकडा बदलायला कोणी जात नाही. दूरच्याला किती वेळ द्यायचा हे शांततेच्या दिवसांतच ठरते. मग ते यंत्रांचे जाळे असो की माणसांचे.