ज्येष्ठांची सोबत : बेने इस्राएलांकडून घेण्यासारखे
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

आज ज्यू समाजावर बोलतो म्हटल्यावर आमचे अध्यक्ष हसले. बिदरमध्ये ज्यू कुठून आणणार? पण बेने इस्राएल आपल्यासारखेच मराठी बोलणारे. मूळचे कोकणातले, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावे किहीमकर, दिवेकर. त्यांचा नव्याचा सणही साधारण गणपतीच्या पाठोपाठच येतो.

1948 नंतर त्यांची तरुण मंडळी इस्राएलला जात राहिली. आज देशातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार, त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. आईवडील इथे, मुले तिकडे, अशी किती तरी घरे.

त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. वस्ती विरळ असली की ऐंशीचे आजोबा आले नाहीत हे लगेच कळते, कारण त्यांच्यावाचून प्रार्थना अडते. (या दहांत जुन्या रिवाजाने बायका धरत नाहीत, हे मला काही पटत नाही.) शिवाय 1914 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली 'जॉइंट' नावाची ज्यू मदतसंस्था मुंबईत काम करते. गरजू वृद्धांना घरखर्च आणि औषधपाण्याला मदत मिळते, कार्यकर्ते घरी येऊन विचारपूस करतात, ज्येष्ठांना एकत्र जमवतात. मला मोठे वाटते ते घरी येणे.

आपली मुलेही पुण्या-हैदराबादला आहेत. मागे औरादकडच्या एक आजी संध्या सुरक्षा पेन्शनसाठी एका कचेरीत तीनदा आल्या. वय पासष्टच्या वर, कागद पुरे, फक्त बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स नव्हती. तसे अर्जावर लिहूनही दिले होते, पण कन्नडमध्ये. आजींना वाटले, अर्ज नामंजूर झाला. मी स्वतः सरकारी नोकर. त्या खिडकीच्या आत बसणाऱ्यांपैकीच. दोन वाक्ये मराठीत सांगायला किती वेळ लागला असता?

ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत फोन आहे, तो लिहून ठेवा. पण अर्ज वाचून दाखवायला माणूसच लागतो. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी जायला कन्नड वाचता येणारी आणखी दोन माणसे हवीत. आरतीनंतर नावे द्या.